कॉटन कोण आणतं ते बघा: कॉस्मेटिक कंपनीत जॉईन व्हायच्या आधी तिथलं वातावरण कसं ओळखायचं

मी मेकअपच्या काउंटरवर साडेचार वर्षं काढली, आधी ठाण्यात मग पुण्यात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. आता ट्रेनिंगला आहे म्हणजे नवीन पोरींना शेड कशी मॅच करायची, खोटं न बोलता सीरम कसं विकायचं वगैरे शिकवते. दोन्ही कंपन्या मोठ्या, दोन्हींच्या जाहिराती तुम्ही बघितल्यात, नावं घेत नाही. दर महिन्याला एखादीचा तरी मेसेज येतोच, ताई अमुक ब्रँडची ऑफर आलीये, तिथलं कल्चर कसंय? मी सगळ्यांना एकच सांगते. एचआरला विचारून काही कळणार नाही, रिव्ह्यू वाचून अर्धंच कळेल कारण लिहिणारे एकतर नुकतेच लागलेले खूश लोक असतात नाहीतर नुकतेच सोडलेले चिडलेले. तू काउंटरवर जा आणि बघ कॉटन कोण आणतंय.

हसू नका, खरंच सांगतेय. लिपस्टिकचा टेस्टर, म्हणजे लावून बघायला ठेवलेला नमुना, गिऱ्हाइकाच्या ओठाला थेट लावायचा नसतो, स्पॅच्युलाने थोडा काढायचा, वापरून टाकायच्या ब्रशने लावायचा, टेस्टरवर अल्कोहोल स्प्रे मारून पुसायचा, मस्काराला प्रत्येक वेळी नवी कांडी. हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात, परीक्षा पण घेतात. पण त्या कांड्या, ते कॉटन पॅड, टिश्यू, मेकअप रिमूव्हर रोज संपतं आणि ते कुठून येणार हे कुणी शिकवत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत तीन महिन्यांतून एकदा एक खोका यायचा, तो शनिवार रविवार धरून पंधरा दिवसांत गुल. मग आम्ही चौघी वर्गणी काढून समोरच्या मेडिकलमधून कॉटन आणायचो. आणि वर एरिया मॅनेजर व्हिजिटला आली की टेस्टरवर बोट फिरवून फोटो काढायची आणि ग्रुपवर टाकायची, 'हायजीन???' असे तीन प्रश्नचिन्ह. दुसऱ्या कंपनीत दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खोका यायचा, कमी पडला तर फॉर्म भरायचा, दोन दिवसांत दुसरा. पगारात फरक फक्त दीड हजाराचा होता. पण पहिलीकडे मी दीड वर्षात सोडलं आणि दुसरीकडे तीन वर्षं टिकले, आता त्यांच्याचकडे ट्रेनर आहे. ऑफिसात कितीही 'आपण सगळे एक फॅमिली' चालू असू दे, शेवटच्या काउंटरवर कॉटन वेळेत पोचत नसेल तर ती फॅमिली तिकडेच ऑफिसात राहते.

तर काय करायचं. इंटरव्ह्यूच्या आधी दोनदा गिऱ्हाईक म्हणून जायचं, एकदा शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला आणि एकदा मंगळवार बुधवारी दुपारी बाराला, शक्यतो दोन वेगळ्या दुकानांत. शनिवारी बघायचं की गर्दीत पण टेस्टर पुसतात का आणि काउंटरवर किती जणी आहेत. तीन काउंटरला मिळून एकच बीए (ब्यूटी अॅडव्हायझर, म्हणजे काउंटरवरची विक्रेती) पळत असेल तर जागा भरत नाहीयेत किंवा पोरी टिकत नाहीयेत. मंगळवारी बघायचं की गिऱ्हाईक नसताना मुली काय करतात. बसल्यात, आपसात बोलतायत, काजळ लावून बघतायत, तर ठीक. दुकान रिकामं आणि तरी सगळ्या हात मागे बांधून पुतळ्यासारख्या उभ्या, डोळे कॅमेऱ्याकडे, तर समजून जा.

मग एखादी शेड ट्राय करता करता गप्पा मारायच्या. कल्चर कसंय असं विचारूच नका, ती म्हणणार छान आहे, दुसरं काय म्हणणार बिचारी. असं विचारा, तू किती दिवस झाले इथे? तुझ्या आधी कोण होती, ती कुठे गेली? गणपतीला गावी जाता येतं का? हा शेवटचा प्रश्न तर रामबाण आहे. कोकणातल्या पोरीला गौरी-गणपती म्हणजे जीव की प्राण आणि नेमका तेव्हापासूनच कंपन्यांचा फेस्टिव्ह सीझन सुरू होतो. जिथे रोस्टर जूनमध्येच बनतं, यंदा तू जा पुढच्या वर्षी मी, असं ठरवून चालतं, तिथे मॅनेजरला डोकं आहे. जिथे मुली खोटे आजारपणाचे कागद आणून जातात आणि आल्यावर पगार कापला जातो, तिथे दिवाळीत तुमचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

आता स्टूल. काउंटरच्या आत एखादं स्टूल दिसतंय का बघा, गिऱ्हाइकाच्या मेकओव्हरची उंच खुर्ची नाही, मुलींना बसायला. माझ्या पहिल्या काउंटरला स्टूल होतं, पण स्टोअररूममध्ये, उलटं ठेवलेलं, त्यावर कॅरीबॅगचे गठ्ठे. पहिल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी साडेदहापासून रात्री साडेनऊपर्यंत उभी होते, मध्ये जेवायला वीस मिनिटं तेवढीच बसले. घरी आल्यावर सँडलचा पट्टा पायात इतका रुतला होता की आईने बकल काढून दिलं. दुसऱ्या दिवशी मी गठ्ठे खाली ठेवून स्टूल बाहेर आणलं तर स्टोअर मॅनेजर म्हणाला, 'मॅडम, बसलेली बीए आळशी दिसते.' स्टूल परत आत.

तेव्हा मला वाटायचं हे असंच असतं सगळीकडे. नंतर कळलं की केरळात याच गोष्टीवरून दुकानांतल्या बायकांनी लढा दिला होता, कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या कपड्यांच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल्स, पी. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईने उभी केलेली पेन्कूट्टू नावाची संघटना. आधी भांडण बाथरूमला जाऊ देण्यावरून आणि मग बसण्यावरून. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात बदल करून बसायची सोय सक्तीची केली आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केलं. कारखान्यात तर उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायची हे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टपासून आहे. म्हणजे लाड नाहीयेत हे. इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारा, काउंटरवर बसायची परवानगी आहे का. उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा बघा.

ऑफर लेटर आलं की आधी वरचं लेटरहेड वाचा, पगार नंतर. कित्येक बीए ब्रँडच्या नसतातच, ब्रँडचा युनिफॉर्म, ब्रँडचा बॅज, पण पगार एका मनुष्यबळ एजन्सीकडून, ज्याला आपण ऑफ रोल म्हणतो. ऑफ रोल म्हणजे वाईटच असं नाही, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) वेळेत भरणाऱ्या एजन्स्या आहेत. पण त्रास असा की तक्रार केली की ब्रँड म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते ब्रँडचा निर्णय आहे, स्टोअर म्हणतं तुम्ही आमच्या नाहीच. म्हणून आत्ताच विचारून घ्या, ऑन रोल, म्हणजे थेट ब्रँडच्या पगारावर, कधी आणि कशाच्या जोरावर करतात, मागच्या वर्षी किती जणींना केलं, एक्स्पिरियन्स लेटरवर नाव कुणाचं येणार. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा पीएफ नंबर, पहिल्याच महिन्यात मागा आणि पासबुक स्वतः उघडून बघा, स्लिपवर कापलेलं दिसतं पण खात्यात आलेलं नसतं असे नमुने मी बघितलेत. ग्रॉस पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागतं, तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. पीएफमध्ये तुमचे १२ टक्के आणि त्यांचेही १२, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचे १२ पण सीटीसीत, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च असतो त्यात, मोजून दाखवतात, त्यामुळे हातात किती येणार हा आकडा वेगळा लिहून घ्या.

एजन्सी मध्ये घालून हात झटकायची सवय आपल्याकडचीच आहे असं मला वाटायचं. तर नाही. फ्रान्समध्ये २००० साली लॉरिआलच्या गार्निए ब्रँडला फ्रुक्टिस स्टाइल विकायला दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुली हव्या होत्या, भरती अडेको या एजन्सीच्या एका विभागाकडून. एजन्सीत फॅक्स गेला, वय १८ ते २२, साइज ३८ ते ४२ आणि पुढे तीन अक्षरं, बीबीआर. म्हणजे ब्लू, ब्लाँ, रूज, निळा पांढरा लाल, फ्रेंच झेंड्याचे रंग, आणि त्या धंद्यात त्याचा अर्थ होता गोऱ्याच पाठवा. केस चालली, आधी सुटले, मग २००७ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने गार्निए आणि अडेको दोघांनाही दोषी धरून प्रत्येकी ३०,००० युरो दंड केला, २००९ मध्ये वरच्या कोर्टातही निकाल टिकला. माझ्या दृष्टीने यात महत्त्वाचं हे की कोर्टाने ब्रँड आणि एजन्सी दोघांनाही धरलं.

आपल्याकडे कुणी असा फॅक्स पाठवत नाही, 'प्रेझेंटेबल' म्हणतात. माझ्याबरोबर इंटरव्ह्यूला आलेली एक मुलगी, सावळी, हात असा की एका फटक्यात विंग आयलायनर काढायची, तिला म्हणाले तुम्हाला कळवू, आणि मला सरळ रेष येत नव्हती तरी घेतलं. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली केलं, त्याच वर्षी लॉरिआलनेही गोरेपणाचे शब्द काढणार म्हणून जाहीर केलं, डबे बदलले खरे. पण काउंटरवर अजून रोज एखादी आई येते आणि लेकीला पुढे करून म्हणते हिला जरा उजळ करणारं काहीतरी द्या. अशा वेळी कंपनी तुम्हाला काय बोलायला शिकवते ते ट्रेनिंगच्या पहिल्या दोन दिवसांत कळतं. आणि काउंटरवर उभ्या असलेल्या मुलींकडे पण नजर टाका, सगळ्या एकाच रंगाच्या असतील आणि शेड कार्डवर मात्र चाळीस शेड, तर हिशोब लागत नाही ना.

आता टार्गेट, इथेच खरी गंमत आहे. टार्गेट किती हे विचारायच्या आधी ते कोण ठरवतं आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यात या काउंटरने किती केलं हे विचारा. मॉलसमोर मेट्रोचं काम चालू, गिऱ्हाईक निम्मं, आणि टार्गेट वीस टक्के वाढवून, असं झालंय आमच्याकडे. दुसरं म्हणजे इन्सेंटिव्हचा स्लॅब कुठून सुरू होतो, म्हणजे टार्गेटच्या किती टक्क्यांपासून वरचे पैसे मिळतात. माझं एका मार्चमध्ये टार्गेट होतं ३ लाख २० हजार. तीस तारखेपर्यंत माझं झालं होतं २ लाख ८६ हजार, म्हणजे ८९ टक्के आणि थोडं. ९० च्या खाली इन्सेंटिव्ह शून्य. कमी पडत होते दोन हजार. एकतीस तारखेला पाऊस नाही काही नाही तरी दुकानात शुकशुकाट, रात्री आठ वाजता मॅनेजरचा फोन, काय गं एवढ्याशासाठी सोडणार का, एक बिल मार ना. बिल मार म्हणजे स्वतः विकत घे. घेतलं मी २,१०० चं सीरम, जे माझ्या स्किनला चालतही नाही, आणि इन्सेंटिव्ह आला साडेतीन हजार. म्हणजे चौदाशे रुपये कमावले आणि मावशीला सीरम मिळालं. त्या काउंटरवर सगळ्याच जणी हे करायच्या, महिनाअखेरीला आपण काम करतोय की कंपनीचे गिऱ्हाईक आहोत कळायचं नाही. म्हणून काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारा, महिनाअखेरीला स्वतः बिल मारावं लागतं का. ती हसली तर उत्तर मिळालं.

त्यातच शॉर्टेज पण विचारून घ्या. स्टॉक मोजताना माल कमी भरला, कुणी टेस्टर चोरला, कुणी कॉम्पॅक्ट पर्समध्ये टाकून गेलं, तर पैसे कुणाच्या पगारातून? काही ठिकाणी काउंटरवरच्या सगळ्या मुलींत वाटून कापतात. लेखी काय आहे ते बघा, तोंडी 'तसं काही होत नाही' याला काही किंमत नाही.

वेळेचं बोलू. मॉल दहाला बंद होतो, मग कॅश, मग टेस्टर झाकणं, मग दिवसाचा रिपोर्ट ग्रुपवर, बाहेर पडायला पावणेअकरा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकान कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे आणि घरापर्यंत सोडायची सोय पाहिजे, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. आता प्रत्यक्षात किती जणींना गाडी मिळते ते सोडा, आम्ही तिघी मिळून रिक्षा करायचो आणि घोडबंदरला शेवटची मी उतरायचे. पण विचारायचं मात्र नक्की, क्लोजिंग शिफ्टला काय सोय आहे. जिथे 'सगळ्या आपापल्या जातात' असं उत्तर येतं तिथे निदान सलग सहा दिवस क्लोजिंग देत नाहीत ना एवढं तरी बघा. वीक ऑफ फिक्स आहे की 'अॅडजस्ट करून', तेही.

व्हॉट्सअॅप ग्रुप हा तर वेगळाच विषय. सकाळी हजेरीचा सेल्फी, लोकेशनसकट, लिपस्टिक लावलेली दिसली पाहिजे. दुपारी दोनला सेल किती, पाचला किती, आठला किती. शून्य असेल तर शून्यच लिहायचं आणि खाली दुसऱ्या काउंटरवालीला टाळ्या. याची सवय होते असं लोक म्हणतात, मला नाही झाली. नवीन कंपनीत दिवसातून एकदाच रिपोर्ट होता आणि सुट्टीच्या दिवशी मेसेज आला तर ट्रेनर स्वतः म्हणायची उद्या बघ. एवढ्याशा गोष्टीने झोप लागते हो.

लैंगिक छळाच्या तक्रारीचं मुद्दाम सांगते कारण काउंटरवर गिऱ्हाईक येतं, स्टोअरचा स्टाफ असतो, मॉलचा सिक्युरिटी असतो, हे कुणीच तुमच्या कंपनीचे नसतात आणि त्रास तिथूनच जास्त. २०१३ च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजे, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून देऊ शकतात. कामासाठी जिथे जाल ते सगळं कामाचं ठिकाण धरतात, त्यामुळे 'ते स्टोअरचं आहे आमचं नाही' हे ऐकून घेऊ नका. समितीची माहिती लावलेली असली पाहिजे, स्टाफरूममध्ये भिंत बघा. पहिल्या कंपनीत भिंतीवर फक्त ग्रूमिंगचा तक्ता होता, नखांची लांबी किती, केस कसे, परफ्यूम कुठला.

ऑफिसवाल्यांसाठी दोन ओळी, कारण मी तिथली नाही, मीटिंगपुरतीच जाते. मुंबईच्या हेड ऑफिसांत काम लॉंचच्या कॅलेंडरवर चालतं आणि ब्रँड टीममधल्या पोरांना रात्री अकराला जाहिरात एजन्सीशी बोलताना मी बघितलंय. तिथे इंटरव्ह्यूला गेलात तर एकच विचारा, मॅनेजर शेवटचा काउंटरवर दिवसभर कधी उभा राहिला होता. प्लांटमध्ये, म्हणजे चाकणसारख्या ठिकाणी, प्रश्न वेगळे, बस कुठून सुटते, कॉन्ट्रॅक्टवर की पर्मनंट, कॅन्टीन सगळ्यांना एकच आहे का. फिलिंग लाइनवर नेलपेंट, दागिने, मेकअप बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणजे दिवसभर लिपस्टिक भरणारी स्वतः लावून जाऊ शकत नाही, मला ऐकून फार मजा वाटली होती.

आणि 'कंपनीत काम आहे, घरून करा, आधी किट घ्या' असा फोन आला तर ती नोकरी नाही, डायरेक्ट सेलिंग आहे. पगार नाही, पीएफ नाही, कल्चर विचारायचा प्रश्नच नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यात सामील व्हायला फी घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

एवढं सगळं वाचून वाटेल की ही बाई काउंटरच्या विरोधातच आहे. अजिबात नाही. मला हात काउंटरने दिला. बारावीनंतर मला फाउंडेशन आणि कन्सीलर यातला फरक माहीत नव्हता, आज लग्नसराईत सुट्टी टाकून नवरीचे मेकअप करते, कुणाचीही कातडी ट्यूबलाइटखाली बघून अंडरटोन, म्हणजे रंगाखालची छटा, सांगते. चांगली कंपनी हे फुकट शिकवते, दहा दहा दिवस बसवून, प्रॉडक्ट हातात देऊन. स्टाफ सेलला आईसाठी क्रीम निम्म्याहून कमी किमतीत. आणि दुपारी स्टोअररूममध्ये खोक्यांवर बसून चार डबे उघडायचे, एकीची मेथी, एकीचं सुकं बोंबील, वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून वर टेस्टरचा परफ्यूम मारायचा. तो वास मला अजून कुठे आला तर पोट दुखेपर्यंत हसू येतं.

सोडायची वेळ आलीच तर भांडून एका दिवसात सोडू नका, राजीनामा मेलवर द्या, फोनवर नाही, नोटीस किती ते लेटरमध्ये बघा, टेस्टर आणि स्टॉक मोजून दुसरीच्या सहीने ताब्यात द्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. मी तो काढला नव्हता. दोन महिन्यांनी फुल अँड फायनलमधून, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून, चार कॉम्पॅक्टचे पैसे कापले, जे मी गेल्यानंतर हरवले होते.

आणि जॉईन होणार असाल तर काळे शूज अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळच्या वेळी जाऊन घ्या. सकाळी बरोबर बसलेले संध्याकाळी सातला चावतात.